आणलेलं पाणी, घालवलेलं पाणी

पुण्यात गुरुवारी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. दत्ताचा उपास आणि नळाला पाणी नाही. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की महापालिका बहुतेक वेळा गुरुवारच धरते. आदल्या एक-दोन दिवसांत पेपरात निवेदन येतं. त्यात पर्वती, लष्कर, वारजे, वडगाव अशी जलकेंद्रांची नावं असतात, त्याखाली पेठांची आणि सोसायट्यांची लांबलचक यादी आणि शेवटी एक ठरीव ओळ: शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबानं येईल. आमच्या घरी ही ओळ पंचांगातल्या राहुकाळासारखी वाचतात. बुधवारी रात्री आई पिंप भरते, वर ताट झाकते आणि मगच झोपते.

माझ्या चुलतभावाचं बिऱ्हाड नऱ्ह्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो असताना गुरुवारच्या या हालांची कथा मी जरा रंगवून सांगत होतो. वहिनी गॅसवर चहा ठेवत होत्या, पातेल्यात पाणी मापानं घालत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमच्या पेठेत आठवड्याला एक गुरुवार असतो. आमच्याकडे सगळे वार गुरुवारच." तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि चौथ्या मजल्यावरचं बोलणं तिथंच थांबलं. टँकर आला की सोसायटीतल्या कोणीतरी खाली उतरून खेप मोजायची, सही करायची, असा नियम आहे. त्या दिवशी पाळी त्यांची होती.

नऱ्हे हे नाव तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिलं, कारण ते मी आधी एका वेगळ्याच संदर्भात वाचलं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणवीसांनी सदाशिव पेठेतल्या हौदाला पाणी आणलं ते नऱ्हे-आंबेगावच्या बाजूनं. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी नऱ्हे पुण्याला पाणी पाजत होतं. आज ते पुण्यातच आहे, महापालिकेचा कर भरतं आणि टँकरची वाट बघतं.

*

पुण्याच्या पाण्याची गोष्ट सांगायला बसलं की माणसं कात्रजपासून सुरुवात करतात. मीही करतो, पण कौतुकासाठी नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या दशकात कात्रजच्या ओढ्यावर तलाव बांधले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगड-चुन्याचा नळ आणला. अंतर आठ किलोमीटरच्या आसपास. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. नळाच्या वाटेवर ठराविक अंतरांवर उच्छ्वास बांधले. हे उच्छ्वास म्हणजे दगडी मनोरेवजा बांधकामं. नळात कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडायची, गाळ तळाशी बसायचा आणि आत उतरून सफाई करता यायची. आजही सातारा रस्त्याच्या बाजूला, घरांच्या आणि दुकानांच्या बेचक्यात त्यांतले काही उभे दिसतात. एकाच्या अंगावर क्लासची जाहिरात चिकटवलेली मी पाहिली आहे. शहरात हे पाणी हौदांत यायचं. फडके हौद, नाना हौद, काळा हौद. यांतल्या कित्येक हौदांची आता नुसती चौकांची नावं उरली आहेत.

हौद सगळ्यांचे नव्हते, हेही त्याच दमात सांगायला हवं. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही मोठी घटना ठरली, यावरूनच बाकीच्या हौदांवर काय चाललं होतं ते कळतं. गंज पेठेतल्या फुलेवाड्यात तो हौद आजही बघता येतो.

मात्र या सगळ्या अभिमानाच्या कथेत एक प्रश्न कोणी विचारत नाही. कात्रजचं पाणी शनिवारवाड्यात आलं, कारंज्यांत उडालं, हौदांतून घराघरांत गेलं. पुढे त्याचं काय झालं? वापरलेलं पाणी गल्लीतल्या उघड्या मोऱ्यांतून ओढ्यात गेलं, ओढ्यातून मुठेत. आणि वाड्यांच्या मागच्या बाजूच्या संडासांतला मैला? तो माणसांनी टोपल्यांत भरून डोक्यावरून नेला. पाणी आणायला दगड, चुना आणि पेशव्यांची दौलत होती. घाण न्यायला एका जातीचं डोकं होतं. आणणाऱ्यांची नावं इतिहासात आली, नेणाऱ्यांची कुठे नोंद नाही.

ही सवय पुण्यानं सोडलेली नाही. पाणी आणणं हा इथे सोहळा असतो, पाणी घालवणं हे खात्याचं काम. पुढची पानं मी या एका तक्रारीसाठीच लिहितो आहे.

*

इंग्रजांनी १८७०च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचं दगडी धरण बांधलं. कर्नल फाईफ हा त्याचा अभियंता, म्हणून जलाशयालाही त्या काळी फाईफचंच नाव होतं. धरण झालं, कालवे निघाले, लष्कराला आणि शहराला पाणी मिळालं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं आणि काही तासांत नदीकाठचं अर्धं जुनं पुणं पाण्याखाली होतं. आमच्या पिढीतल्या प्रत्येक पुणेकराच्या घरी पानशेतची एक तरी गोष्ट असते. पुढे खडकवासला पुन्हा बांधलं, पानशेत आणि वरसगाव उभी राहिली, टेमघर आलं. आज या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. पावसाळ्यात पेपरांच्या पहिल्या पानावर रोज त्याचा आकडा येतो आणि धरण भरलं की फोटो येतो. सांडपाण्याच्या केंद्रानं त्या दिवशी किती पाणी साफ केलं, याचा आकडा पहिल्या पानावर मी तरी कधी पाहिलेला नाही.

आता जरा हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३२ कोटी लिटर. अलीकडच्या वर्षांत पुणे वर्षाला २० टीएमसीच्या वर पाणी उचलतं. म्हणजे दिवसाला दीडशे कोटी लिटरहून जास्त. लोकसंख्या साठ लाख धरली तरी माणशी अडीचशे लिटर पडतात. शहरात माणशी १३५ ते १५० लिटर पुरेसे, असा सरकारी निकष आहे. मग नऱ्ह्यातल्या वहिनी चहाचं पाणी मापानं का घालतात?

एक उत्तर जमिनीखाली आहे. महापालिकेच्याच अंदाजानं ३५ ते ४० टक्के पाणी गळतीत आणि हिशेबाबाहेर जातं. जुन्या पेठांत कितीतरी ठिकाणी अजून बिडाचे पाईप आहेत. दोन पाईप एकमेकांत बसवून फटीत शिसं ओतायचं, असे त्यांचे जोड. आतून गंजाची पुटं चढून सहा इंची पाईपचा चार इंची होतो. वरून पीएमपीची बस जाते, रस्ता हलतो, जोड सैल होतो. गळती शोधणारी माणसं त्यासाठी रात्रीच काम करतात, कारण दिवसा रहदारीच्या आवाजात जमीन ऐकू येत नाही. मध्यरात्रीनंतर रस्त्यावर लोखंडी सळई टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावायचा. पाणी निसटत असेल तर बारीक सूं आवाज येतो. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आहेत, पण जुने लोक आधी सळई लावतात आणि मग यंत्र.

दुसरं उत्तर जरा अवघड आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. पुण्याला पाणी चोवीस तास येत नाही, ठरलेल्या वेळी सोडलं जातं. कुठे पहाटे चार ते आठ, कुठे दुपारी, कुठे दिवसाआड. हे सोडण्याचं काम व्हॉल्व्हमन करतो. सायकल किंवा स्कूटरवर टी आकाराची लांब चावी आडवी बांधलेली, रस्त्यात एक लोखंडी झाकण, झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. किती आटे फिरवले की वरच्या गल्लीला पाणी चढतं आणि खालची गल्ली बोंब मारत नाही, हे त्याच्या हाताला माहीत असतं. कुठल्याही नकाशावर ते लिहिलेलं नसतं. आमच्या भागातल्या व्हॉल्व्हमनला मी एकदा विचारलं, तुम्ही निवृत्त झालात की पुढे काय? तो हसून म्हणाला, "मग लोकांना कळेल मी काय करत होतो ते."

अशा सोडबंदच्या पाण्यात एक धोका असतो. पाणी चालू असताना पाईपमध्ये दाब असतो, त्यामुळे भोकातून पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो, आत ओढ निर्माण होते, आणि त्याच भोकातून बाहेरचं जे काही असेल ते आत येतं. शेजारून ड्रेनेजची लाईन जात असेल, तीही जुनी आणि फुटकी असेल, तर आत काय येतं ते वेगळं सांगायला नको. पाण्याची लाईन वर, ड्रेनेजची खाली आणि दोन्हींत पुरेसं अंतर, असा नियम आहे. दहा फुटांच्या बोळात तो पाळायला जागाच नसते. म्हणून पेठांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या पहिलं दहा मिनिटांचं पाणी सोडून देतात, मग कळशी लावतात. त्यांना ही ओढ कोणी शिकवली नव्हती. वासावरून शिकल्या.

त्यात आमचाही हातभार आहे. नळाला बारीक धार येते म्हणून प्रत्येक जण मोटर लावतो. मोटर लाईनमधून पाणी खेचते, शेजाऱ्याची धार आणखी बारीक होते, तोही मोटर लावतो. पाईपमधली ओढ वाढतच जाते. ही भानगड महापालिकेची नाही, आपली आहे.

*

यावर उपाय म्हणून समान पाणीपुरवठा योजना आली. लोक तिला 'चोवीस तास पाणी' म्हणतात. कल्पना साधी आहे. शहराचे १४१ भाग करायचे, प्रत्येक भागाला टाकीतून पाणी द्यायचं, आत किती गेलं आणि घरांत किती पोचलं हे मीटरवर मोजायचं, फरक दिसला की त्या भागातली गळती शोधायची. पाईप सतत भरलेला राहिला की बाहेरची घाण आत येणार नाही. त्यासाठी ८० हून अधिक टाक्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक नव्या वाहिन्या आणि तीन लाखांच्या आसपास मीटर. खर्च दोन हजार कोटींच्या वर. २०१७च्या जूनमध्ये महापालिकेनं यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजानं विकले. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजली, मान्यवर जमले, देशभर बातमी झाली. एकूण २,२६४ कोटी असे उभे करायचा बेत होता. उभे राहिले ते पहिले २०० कोटीच. त्याच वर्षी निविदांवरून वाद झाला, त्या रद्द झाल्या, नव्यानं काढल्या. आठ वर्षं उलटून गेली. टाक्या बऱ्याच उभ्या आहेत, रस्ते कैक वेळा खोदून झाले, कित्येक मीटर बसले. पाणी अजून वेळेवरच येतं, म्हणजे ठरलेल्या वेळी.

मी या योजनेच्या विरोधात नाही. पुण्यात जमिनीखालचं एवढं मोठं काम गेल्या कित्येक दशकांत कोणी हाती घेतलं नव्हतं. मीटरची भीती दाखवून राजकारण करणाऱ्यांचं मला पटलेलंही नाही. वीज मोजून घेता, गॅस मोजून घेता, मग पाण्याला का नको? पण आराखडा आखला तेव्हाचं पुणं आणि आताचं पुणं एक राहिलं नाही. २०१७च्या ऑक्टोबरात धायरी, आंबेगाव, लोहगाव, उंड्री वगैरे ११ गावं महापालिकेत आली. ३० जून २०२१ला आणखी २३. नऱ्हे त्यातलंच, आणि नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे ही गावंही. एका अधिसूचनेनं पुणे ५१६ चौरस किलोमीटरचं झालं, क्षेत्रफळानं राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका. अधिसूचना एका दिवसात निघते. पाईप एका दिवसात टाकता येत नाही.

आणि या गावांत इमारती आधीच उभ्या होत्या. ग्रामपंचायतीच्या, मग पीएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाच्या परवानग्यांनी दहा-बारा मजले चढले. पाण्याचं काय? पालिकेचं पाणी येईपर्यंत सोय आम्ही करू, असं हमीपत्र बिल्डर लिहून द्यायचा. बिल्डर इमारत पूर्ण करून गेला, हमीपत्र फाइलमध्ये राहिलं आणि सोसायटी टँकरवाल्याच्या हवाली झाली. फ्लॅट घेताना जाहिरातीतला जलतरण तलाव आपण बघतो. तो कुठल्या पाण्यानं भरणार, असं विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. मीही विचारलं नव्हतं.

उशाला धरण अन् घशाला कोरड, ही म्हण सिंहगड रस्त्याच्या त्या टोकाला शब्दशः खरी आहे. नांदेड आणि किरकटवाडी ही गावं खडकवासल्याच्या भिंतीपासून थोड्याच किलोमीटरवर. तिथं पाणी कुठून येत होतं? एका मोठ्या विहिरीतून. गाळण नाही, शुद्धीकरण केंद्र नाही, क्लोरिन मिसळायचं आणि सोडायचं. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या रुग्णालयांत हातापायांतली ताकद एकाएकी गेलेले रुग्ण येऊ लागले. गुइलेन-बॅरे सिंड्रोम. एरवी हा आजार क्वचित दिसतो. काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पलीकडे गेला, काही दगावले, कित्येकांना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. रुग्ण एकवटले होते ते याच पट्ट्यात: नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. एनआयव्ही या विषाणू संस्थेनं नमुने तपासले, कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. पोट बिघडतं, आणि त्यानंतर काही जणांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. केंद्राचं पथक आलं, पाणी उकळून प्या असे फलक लागले, त्या भागातल्या खासगी आरओ केंद्रांनाही टाळं लागलं.

त्या दिवसांत मला एक गोष्ट अस्वस्थ करत होती. नांदेडच्या माणसानं जाब विचारायचा कोणाला? २०२१ला गाव महापालिकेत आलं, ग्रामपंचायत बरखास्त झाली, सरपंच गेला. मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. मधल्या काळात निवडणूक झालीच नाही. म्हणजे त्या २३ गावांनी तोवर एकही नगरसेवक निवडून दिलेला नव्हता. ज्या वर्षी विहिरीचं पाणी अंगावर आलं, त्या वर्षी त्या विहिरीवर लोकांचा ना सरपंच होता ना नगरसेवक. जुन्या नगरसेवकांबद्दल मलाही फारसं प्रेम नाही, पण नळाला गढूळ पाणी आलं की रात्री अकराला त्याच्या दारावर जाऊन आरडाओरडा तरी करता येत होता.

*

आता घालवलेल्या पाण्याकडे येतो, कारण त्या विहिरीची गोष्ट तिथंच जाऊन पोचते. अभियंते एक ठोकताळा सांगतात: घरात आलेल्या पाण्यापैकी ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पाणी वाढवलं की सांडपाणी वाढणार, हे गणित तिसरीतल्या मुलालाही येईल. तरी पाण्याची योजना वेगळी, ड्रेनेजची वेगळी, दोन खाती, दोन निविदा, दोन खोदाया. टँकरनं आलेलं पाणीही शेवटी कुठेतरी जातंच. ज्या गावात ड्रेनेजची लाईन नाही तिथे ते सेप्टिक टाकीत जातं, शोषखड्ड्यात जातं, ओढ्यात जातं, आणि जमिनीत मुरून विहिरीकडेही जातं.

सेप्टिक टाकी भरते, मग कोणीतरी माणूस आत उतरतो. माणसाला गटारात उतरवू नये असा कायदा २०१३चा आहे. २०२२च्या ऑक्टोबरात वाघोलीतल्या एका सोसायटीत टाकी साफ करायला उतरलेले कामगार गुदमरून मेले. वाघोली तेव्हा महापालिकेत येऊन वर्ष उलटलं होतं. पेशवाईतली टोपली गेली, पण खाली उतरणारा माणूस बहुतेक वेळा त्याच जातींतला असतो, हे लिहिताना लाज वाटते.

जुन्या शहरात ड्रेनेज आहे, पण कुठून जातं? पाणी उताराकडे धावतं, म्हणून मुख्य वाहिन्या ओढ्यानाल्यांच्या काठानं, कधी पात्रातूनच टाकल्या. सोपं आणि स्वस्त. पावसाळ्यात ओढा चढला की चेंबर बुडतात, पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतं आणि झाकणं उडून ड्रेनेज ओढ्यात येतं. आंबिल ओढ्याचं उदाहरण घ्या. हाच कात्रजचा ओढा, ज्याच्यावर नानासाहेबांनी तलाव बांधले. तो पूर्वी वस्तीतून जायचा, पेशव्यांनी त्याची वाट वळवली. पुढच्या अडीचशे वर्षांत आपण त्याच्या काठावर इमारती आणि वस्त्या उभ्या केल्या, भिंतींनी त्याला आवळलं, त्याच्या पोटात वाहिन्या घातल्या. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि ओढा बाहेर आला. वीसहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मी दांडेकर पुलाच्या अलीकडे उभा होतो. घराघरांतून लोक चिखल उपसत होते, आणि तो निव्वळ चिखल नव्हता हे वासावरून कळत होतं. आदल्याच वर्षी, २७ सप्टेंबरला, तिथंच मुठेचा उजवा कालवा फुटून पिण्याचं पाणी वस्तीत शिरलं होतं. एका वर्षी आणलेलं पाणी घरात आलं, दुसऱ्या वर्षी घालवलेलं.

सांडपाणी साफ करणारी जुनी केंद्रं भैरोबा नाला, एरंडवणे, बोपोडी, नायडू, मुंढवा, विठ्ठलवाडी, बाणेर, खराडी अशी विखुरलेली आहेत. सगळ्यांची मिळून क्षमता साडेपाचशे एमएलडीच्या, म्हणजे दिवसाला तितक्या दशलक्ष लिटरच्या, आतबाहेर. शहर उचलतं दिवसाला पंधराशे एमएलडीहून जास्त. गळती वजा केली तरी यातला फरक कुठे जातो हे संगम पुलावर थांबून श्वास घेतला की कळतं. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून नदी सुधारण्याची योजना २०१६च्या जानेवारीत मंजूर झाली. ९९० कोटी, ११ नवी केंद्रं, ३९६ एमएलडी. ती जानेवारी २०२२पर्यंत पुरी व्हायची होती. पायाभरणी झाली मार्च २०२२मध्ये. पुढे मार्च २०२५ची मुदत पडली, तीही उलटली. मधल्या काळात नदीकाठ सुधारण्याची वेगळी योजना साडेचार हजार कोटींवर गेली आणि तिचं काम मात्र जोरात सुरू झालं. काठाला दगडी पायऱ्या, बसायला बाक, चालायला वाट. मोरी तुंबलेली असताना पाहुणे येणार म्हणून दिवाणखान्याला रंग काढावा, तसं हे मला वाटतं. आधी मोरी, मग रंग.

एक गोष्ट पुण्यानं बरी केली आणि ती न सांगणं अन्यायाचं होईल. मुंढव्याला जॅकवेल बांधून २०१५च्या सुमारास साफ केलेलं सांडपाणी उचलून जुन्या कालव्यात सोडायला सुरुवात झाली. वर्षाला साडेसहा टीएमसी द्यायचं असा करार आहे. हवेली-दौंडच्या शेतीला हे पाणी द्यायचं आणि त्या बदल्यात धरणातलं पिण्याचं पाणी शहरानं वापरायचं. कल्पना उत्तम. पण केंद्रं अपुरी असताना त्या कालव्यात काय जातं, हे लोणी-उरुळीकडच्या शेतकऱ्यांना विचारा. कालव्यावर पांढऱ्या फेसाचे ढीग त्यांनी पाहिले आहेत.

आणि लोणी-उरुळीच्या पुढे? मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं, आणि तेही कित्येक वर्षं तीन-चार, कधी पाच-सहा दिवसांनी एकदा. उजनीच्या खाली हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीसाठी पुण्यातून पालख्या जातात, आपण वारकऱ्यांना चहा-बिस्किटं देतो, पाय दाबतो. नदीच्या वाटेनं आपलं ड्रेनेजही पंढरपूरला जातं, वर्षभर.

*

बाहेरून बघणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटतं. मेट्रो दिसते, पूल दिसतो. ड्रेनेजची लाईन खड्डा बुजवला की दिसेनाशी होते, फीत कापायला जागाच राहत नाही. पेठांत एव्हाना बहुतेक रस्ते सिमेंटचे झाले आहेत आणि त्यांच्याखाली कितीतरी ठिकाणी जुने पाईप तसेच आहेत. पाईप बदलायचा तर रस्ता फोडावा लागतो. रस्ता नवा म्हणून पाईप बदलत नाहीत, पाईप फुटला की नवा रस्ता फोडतात. आमच्या बोळात हे मी चार वेळा बघितलं. ठेकेदार दर वेळी वेगळा होता.

नऱ्ह्यात आता पाण्याची टाकी बांधायचं बोलणं चालू आहे, वहिनी सांगत होत्या. ड्रेनेजचं काय, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते कुणी काढलंच नाही."

तेव्हा या दिवाळीत, मुहूर्त साधून नवा फ्लॅट बघायला निघाला असाल, तर सॅम्पल फ्लॅटच्या आधी बिल्डरकडे दोन कागद मागा: महापालिकेच्या पाण्याच्या जोडाचा आणि ड्रेनेजच्या जोडाचा. पहिला तो कदाचित दाखवील. दुसऱ्यासाठी अडून बसा.